इंजिन ब्लॉकमध्ये सिलिंडर स्लीव्ह बसवणे: बैठक, पकड आणि मोजमाप

टर्बो बसवून किंवा कॉम्प्रेशन वाढवून इंजिनाची ताकद मूळच्या दीडपट-दुपटीवर नेली, की सिलिंडरच्या भिंतीवर येणारा दाब ती भिंत घडवताना गृहीत धरलेल्या मर्यादेच्या पलीकडे जातो. होंडाच्या बी मालिकेसारख्या ॲल्युमिनियमच्या ओपन डेक (डेक म्हणजे ब्लॉकचा हेड टेकतो तो वरचा सपाट भाग) ब्लॉकमध्ये सिलिंडरची वरची कड पाण्याने वेढलेली असते आणि तिला बाहेरच्या भिंतीचा आधार नसतो. अशा ब्लॉकमध्ये ती कड पिस्टनच्या आडव्या रेट्याने प्रत्येक फेऱ्यात किंचित हलू लागते. त्या हालचालीने आधी हेड गॅस्केट घासले जाते, मग गळू लागते, आणि ताण तसाच राहिला तर भिंतीलाच उभा तडा जातो. मूळची भिंत काढून तिच्या जागी जाड आणि अधिक मजबूत लोखंडी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखी नवी भिंत, बसवणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

उपाय खात्रीचा असला, तरी तो टिकतो तो दोनच गोष्टींवर. स्लीव्हची बैठक पक्की हवी, म्हणजे तिला खाली सरकायला तसूभरही वाव नसावा. आणि पकड पुरेशी हवी, म्हणजे ब्लॉक कितीही तापला तरी तिच्याभोवतीचे भोक सैल होऊ नये. स्लीव्ह भोकात सोडण्याचे काम काही सेकंदांत होते. ती जन्मभर तिथेच राहील की नाही, हे त्याआधीच्या दोन-तीन दिवसांच्या मोजमापात ठरलेले असते. म्हणून या लेखात मोजमापाला आणि बैठकीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कोणती स्लीव्ह निवडावी

ड्राय स्लीव्ह पूर्णपणे ब्लॉकच्या धातूत बसते आणि तिला पाणी लागत नाही. वेट स्लीव्हच्या बाहेरच्या अंगाला कूलंट थेट भिडते, त्यामुळे खाली ओ-रिंग आणि वर फ्लँज, म्हणजे बाहेर आलेली रुंद कड, यांनी पाणी अडवावे लागते. ओपन डेक ॲल्युमिनियम ब्लॉकसाठी मिळणाऱ्या परफॉर्मन्स स्लीव्हना वर जाड फ्लँज असते आणि शेजारच्या स्लीव्हच्या फ्लँज एकमेकींना सपाट कडेने टेकतात. त्यातून डेक जवळजवळ बंद होतो आणि सिलिंडरच्या वरच्या टोकाला मिळायला हवा तो आधार मिळतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये मात्र साधी, फ्लँज नसलेली ड्राय स्लीव्ह बहुतेक वेळा पुरते.

धातूची निवडही विचारपूर्वक करावी. साध्या ग्रे कास्ट आयर्नपेक्षा डक्टाइल आयर्नची ताणशक्ती दुपटीहून अधिक असू शकते, आणि ते तडकण्याआधी थोडे वाकते. जास्त बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या जास्त दाबाच्या, इंजिनासाठी म्हणूनच ते घेतात. पण त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ग्रे आयर्नपेक्षा कमी असते, आणि दोन्ही लोखंडे या बाबतीत ॲल्युमिनियमच्या बरीच मागे पडतात. गरजेपेक्षा जाड स्लीव्ह घेतली तर ताकद वाढते, पण पिस्टनची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचायला अडथळाही वाढतो. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवण्याच्या हौसेने भिंत पातळ करू नये आणि भीतीपोटी ती अवास्तव जाडही करू नये. स्लीव्ह बनवणाऱ्याने त्या ब्लॉकसाठी जो कमाल बोअर सांगितला आहे, त्याच्या थोडे आतच राहिलेले माझ्या मते बरे.

भोकापूर्वीची तपासणी

ब्लॉक पूर्ण मोकळा करावा आणि तेलवाहिन्यांचे प्लगही काढावेत, कारण कापलेल्या धातूचा कीस तिथेच जाऊन बसतो. बिडाचा ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत धुतला तरी चालतो. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकते, त्यामुळे तो ब्लॉक सौम्य डिटर्जंटनेच धुवावा. तडे शोधायला बिडासाठी चुंबकीय कणांची चाचणी वापरतात; ॲल्युमिनियमला चुंबक लागू पडत नाही, म्हणून तिथे रंग झिरपवणारी डाय पेनिट्रंट चाचणी करावी. वॉटर जॅकेटची दाबचाचणी याच टप्प्यावर एकदा करून घ्यावी, म्हणजे पुढे गळती दिसली तर ती जुनी की नवी असा संभ्रम राहत नाही.

यानंतर क्रँकच्या मेन बेअरिंगची रांग तपासावी. नवीन भोक क्रँकच्या मध्यरेषेला अचूक काटकोनात असावे लागते, आणि तीच रेषा वाकडी असेल तर त्यावरून घेतलेले प्रत्येक माप चुकते. लाइन होनिंगची, म्हणजे ती रांग घासून सरळ करण्याची, गरज असेल तर ते स्लीव्हच्या आधी उरकावे. भोक पाडताना मेन कॅप जागेवर बसवून, पुढे इंजिन जोडताना जेवढा टॉर्क देणार तेवढाच देऊन ठेवावा, कारण कॅप आवळल्यावर ब्लॉकचा आकार थोडा बदलतो आणि तो बदल भोकात उतरायला हवा.

पकडीचे गणित

स्लीव्ह ज्या भोकात बसते ते भोक तिच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडे लहान ठेवतात. या फरकाला कार्यशाळेत इंटरफिअरन्स म्हणतात. तो किती असावा हे स्लीव्हसोबत आलेल्या तक्त्यात दिलेले असते आणि तेच माप अंतिम मानावे. पण तो आकडा कुठून येतो हे समजले नाही, तर त्यात किती चूक चालेल हेही समजत नाही.

समजा स्लीव्हचा बाहेरचा व्यास ९५ मिलिमीटर आहे. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू प्रत्येक अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण २२ मायक्रॉन प्रसरण पावतात, तर लोखंड साधारण ११ मायक्रॉन. इंजिन २० अंशांवरून १०० अंशांवर गेले, तर ॲल्युमिनियमचे भोक सुमारे ०.१७ मिलिमीटरने मोठे होते आणि स्लीव्ह तितकीच तापली तर ती सुमारे ०.०८ मिलिमीटरने वाढते. म्हणजे थंड ब्लॉकमध्ये दिलेला ०.०८ मिलिमीटरचा इंटरफिअरन्स दोन्ही भाग सारखे तापल्यावर जवळजवळ शून्यावर येतो. चालत्या इंजिनात स्लीव्ह ब्लॉकपेक्षा जास्त तापते हे आपल्या पथ्यावर पडते. ती ४० अंशांनी अधिक गरम असेल तर गेलेल्यापैकी निम्मी पकड परत मिळते. पण इंजिन जास्त तापून ब्लॉकही १३० अंशांपर्यंत पोहोचला, तर ही उरलेली पकडही झपाट्याने कमी होते. पाणी उकळलेल्या इंजिनात स्लीव्ह सैल सापडतात त्यामागचे कारण हेच आहे.

हे गणित पाहिले की शतांश मिलिमीटरची किंमत कळते. ०.०८ च्या जागी ०.०६ ठेवले तर चालत्या इंजिनात उरणारी पकड जवळजवळ निम्मी होते. उलट ०.१२ ठेवले तर शेजारच्या पातळ भिंतीवर आणि दोन सिलिंडरमधल्या अरुंद पुलावर एवढा ताण येतो की ब्लॉक थंड होतानाच तडकू शकतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये दोन्ही धातू सारखेच प्रसरण पावतात, पकड तापमानानुसार फारशी बदलत नाही, आणि म्हणून तिथे यापेक्षा कमी इंटरफिअरन्सवर काम भागते.

मोजमाप घेण्यापूर्वी ब्लॉक, स्लीव्ह आणि मापन-उपकरणे एकाच खोलीत रात्रभर ठेवावीत. मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान आहे, पण नेमके तेवढे साधले नाही तरी सर्व वस्तू एकाच तापमानाला असणे अत्यावश्यक आहे. नुकत्याच कापलेल्या, कोमट ॲल्युमिनियमवर घेतलेले माप विश्वासार्ह नसते. प्रत्येक स्लीव्ह वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर काटकोनातील दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजावी. तिला क्रमांक द्यावा आणि ते भोक तिच्याच मापाने कापावे. एकाच खोक्यातल्या चार स्लीव्हही अगदी सारख्या नसतात. बोअर गेज त्याच मायक्रोमीटरवर शून्य करून घ्यावा, म्हणजे उपकरणातील चूक दोन्हीकडे सारखी येते आणि फरक काढताना वजा होते.

भोक आणि बैठक कापणे

भोक एका दमात अंतिम मापापर्यंत नेऊ नये. आधी जाड काप घेऊन जुनी भिंत काढावी, ब्लॉक थंड होऊ द्यावा, आणि शेवटचा हलका काप सर्व सिलिंडरना सारख्याच टूलने द्यावा. भोकाचा निमुळतेपणा आणि अंडाकृतीपणा ०.०१ मिलिमीटरच्या आत यायला हवा. पृष्ठभाग खरबरीत राहिला तर त्याची शिखरे स्लीव्ह बसताना चेपली जातात, मोजलेला इंटरफिअरन्स प्रत्यक्षात कमी होतो, आणि दोन धातूंमध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहून उष्णता अडते.

फ्लँज ज्या खोलगट पायरीवर टेकते तो काउंटरबोअर कापणे हा या साऱ्या कामाचा गाभा आहे. फ्लँज नसलेल्या स्लीव्हसाठी हीच पायरी भोकाच्या तळाशी काही मिलिमीटर धातू शिल्लक सोडून तयार करतात. पायरी पूर्ण सपाट आणि भोकाच्या अक्षाला काटकोनात हवी, आणि सर्व सिलिंडरमध्ये तिची खोली एकमेकींशी ०.०१ मिलिमीटरच्या आत जुळावी. इथे एक बारकावा हमखास निसटतो. फ्लँजच्या खालच्या कोपऱ्यात स्लीव्हला छोटी गोलाई दिलेली असते, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातून तडा सुरू होतो. भोकाच्या वरच्या कडेला त्या गोलाईपेक्षा किंचित मोठा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, दिला नाही, तर फ्लँज आपल्या सपाट अंगावर न टेकता त्या गोलाईवर अडकून बसते. बाहेरून ती बसल्यासारखी दिसते. हेड आवळल्यावर मात्र सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर एक तर स्लीव्ह खाली जाते किंवा फ्लँज तुटते. पायरीवर अभियंत्याचा निळा रंग पातळ लावून फ्लँज कुठे टेकते ते पाहावे. हे थंड अवस्थेत करायचे, तर त्याच आकाराची थोडी कमी व्यासाची चाचणी-कडी बनवून घ्यावी लागते. एका तासाचे काम आहे आणि मी ते कधीही वगळत नाही.

कापून झालेल्या ब्लॉकमधला कीस, विशेषतः तेलवाहिन्यांतला, ब्रशने आणि दाबाच्या हवेने काढून टाकावा. भोकाच्या कडेवरचा प्रत्येक बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार किनार, हाताने उतरवावा.

स्लीव्ह उतरवणे

ॲल्युमिनियम ब्लॉक गॅसच्या ज्वाळेने कधीही तापवू नये, कारण एक बाजू जास्त तापली की भोक गोल राहत नाही. तो भट्टीत ठेवावा आणि १३० ते १४० अंश सेल्सिअसला सर्वत्र सारखा तापेपर्यंत दीड-दोन तास राहू द्यावा. १५० अंशांची मर्यादा ओलांडू नये; उष्मोपचाराने कणखर केलेले ॲल्युमिनियम फार तापले की मऊ पडते, आणि ती मजबुती पुन्हा थंड करून परत येत नाही. तापमान स्पर्श-थर्मामीटरने मोजावे. अवरक्त किरणांवर चालणारी पिस्तुलासारखी उपकरणे चकचकीत ॲल्युमिनियमवर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतात, आणि त्यांवर विसंबून ब्लॉक नकळत जास्त तापवला जातो.

२० अंशांवरून १४० अंशांवर गेलेले ९५ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.२५ मिलिमीटरने मोठे होते. त्यातून ०.०८ चा इंटरफिअरन्स वजा केला तरी स्लीव्हला व्यासात ०.१७ मिलिमीटर मोकळीक मिळते आणि ती स्वतःच्या वजनाने खाली उतरते. स्लीव्ह घरगुती फ्रीझरमध्ये ठेवली तर आणखी सुमारे ०.०४ मिलिमीटर मिळतात. ती हवाबंद पिशवीत ठेवावी, म्हणजे बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरत नाही. द्रव नायट्रोजनचा आग्रह मला पटत नाही. उणे १९६ अंशांच्या स्लीव्हवर क्षणात बर्फ जमतो, तो मोकळीक खातो आणि ओलावा दोन धातूंच्या मध्ये अडकवतो. शिवाय बंद खोलीत नायट्रोजन प्राणवायू हटवतो आणि माणूस इशारा न मिळताच बेशुद्ध पडू शकतो. भट्टी नीट वापरली तर त्याची गरज उरत नाही.

भट्टी उघडण्यापूर्वी सर्व तयारी हाताशी हवी. भोके आणि स्लीव्ह ॲसिटोनने पुसून कोरड्या केलेल्या असाव्यात, फ्लँजच्या सपाट कडा कोणत्या दिशेला येणार याच्या खुणा डेकवर आणि स्लीव्हवर केलेल्या असाव्यात, आणि दोन माणसांनी ती क्रिया एकदा रिकाम्या हातांनी करून पाहिलेली असावी. वेट स्लीव्ह असेल तर ओ-रिंग पीळ न पडता खाचेत बसल्याची खात्री करावी. गरम ब्लॉकमध्ये उतरवायची असेल तर रिंग उष्णता सोसणाऱ्या फ्लुओरोरबरची असावी आणि तिला स्लीव्ह बनवणाऱ्याने सुचवलेलेच वंगण लावावे.

जाड चामड्याचे हातमोजे घालून स्लीव्ह भोकावर सरळ धरावी, खूण जुळवावी आणि एकाच ओघात खाली सोडावी. पायरीवर टेकल्याचा आवाज स्पष्ट, धातूवर धातू आपटल्यासारखा येतो. ती वाटेत अडकली तर हातोडा मारू नये. लोखंड ब्लॉकची उष्णता काही सेकंदांतच शोषते आणि पकड सुरू होते. ठोकल्याने भोक ओरखडले जाते. लगेच वर ओढून निघाली तर काढावी, नाहीतर सर्व थंड होऊ द्यावे आणि ती स्लीव्ह कापून काढून नव्याने सुरुवात करावी. खर्च होतो, पण अर्धवट बसलेली स्लीव्ह तशीच ठेवणे म्हणजे संपूर्ण इंजिन पणाला लावणे आहे.

स्लीव्ह टेकली की काम संपले असे समजणे ही मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. थंड होताना ब्लॉक वरून आणि कडेने आधी आकसतो, स्लीव्हला पकडतो, आणि त्या ओढीत ती पायरीपासून किंचित वर उचलली जाऊ शकते. सुरुवातीच्या एका ब्लॉकवर मी स्लीव्हना दाबून धरणारी पट्टी ब्लॉक कोमट असतानाच काढली. डेक कापल्यावर सर्व सपाट दिसले, इंजिन उत्तम चालले, आणि दोन महिन्यांनी दोन सिलिंडरांच्या मधल्या जागेत गॅस्केट गळू लागले. हेड काढून मोजले तेव्हा एक स्लीव्ह डेकच्या ०.०६ मिलिमीटर खाली गेलेली होती. ती पायरीवर कधी बसलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक स्लीव्हवर जाड पोलादी पट्टी ठेवून ती हेडच्या बोल्टांनी हलकी आवळतो, आणि ब्लॉक हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत, म्हणजे व्यवहारात रात्रभर, तिला हात लावत नाही.

बिडाच्या ब्लॉकमध्ये स्लीव्ह हायड्रॉलिक प्रेसने थंडच दाबतात. तिथे खालच्या कडेला चॅम्फर आणि सुरुवातीला अचूक सरळपणा महत्त्वाचा असतो. दाब अचानक वाढला तर थांबून कारण शोधावे. भोक पाडताना वॉटर जॅकेट उघडे पडले असेल तरच त्या भागापुरते सीलंट लावावे. सर्वत्र फासलेले सीलंट उष्णतेच्या वाटेत आडवे येते.

डेक, बोअर आणि होनिंग

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबचाचणी करावी, शक्यतो गरम पाण्याने, कारण काही गळती तापल्यावरच दिसते. मुद्दाम वर ठेवलेला फ्लँजचा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा भाग डेकसोबत एकाच कापात सपाट करावा. अनेक थरांच्या पोलादी गॅस्केटला अतिशय गुळगुळीत डेक लागतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र कापताना टूल धारदार नसेल तर दोन धातूंच्या सीमेवर नखाला लागेल अशी पायरी राहते, आणि तशी पायरी राहिली तर काप पुन्हा घ्यावा.

स्लीव्हचा आतला व्यास मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तो बोअर करून होनिंगसाठी, म्हणजे दगडांनी अंतिम मापापर्यंत घासण्यासाठी, साधारण ०.०८ ते ०.१ मिलिमीटर शिल्लक सोडावेत. होनिंग टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी, लावूनच करावे, तीही ज्या स्टडने, ज्या गॅस्केटने आणि ज्या टॉर्कने हेड बसणार आहे त्यांच्यासह. पिस्टनची मोकळीक पिस्टनच्या धातूवर अवलंबून असते: ४०३२ मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते आणि तो कमी प्रसरण पावतो, तर २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य असल्याने त्याला जास्त मोकळीक द्यावी लागते. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचे सिलिंडर त्याच्याच मापाला होन करावे. शेवटी बारीक दगडाने शिखरे उतरवावीत, म्हणजे रिंग लवकर बसतात आणि खाचांत तेलही टिकते.

स्लीव्हच्या खालच्या टोकाशी कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, क्रँकचे काउंटरवेट आणि पिस्टनवर तेल मारणारे नोझल यांना जागा आहे का, हे क्रँक हाताने फिरवून पाहावे. स्ट्रोक वाढवलेल्या इंजिनात तिथे खाच कापावी लागते, आणि ती अंतिम धुलाईच्या आधी कापावी. धुलाई गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशने करावी. पेट्रोल किंवा थिनरने होनिंगची कणी निघत नाही, ती खाचांत आणखी खोल बसते. पांढरे कापड तेलात बुडवून भिंत पुसावी आणि कापडावर राखाडी डाग उमटणे पूर्ण थांबेपर्यंत धुणे चालू ठेवावे. कोरडे लोखंड काही मिनिटांत गंजू लागते, म्हणून लगेच तेलाचा हात फिरवावा.

इंजिन जोडून सुरू केल्यावर कूलिंग व्यवस्थेतील हवा पूर्ण काढावी, कारण हवेचा एक बुडबुडाही फ्लँजजवळ अडकला तर तिथे स्लीव्ह जास्त तापते. सुरुवातीचा काळ मध्यम भारावर, वेग बदलत चालवावे. नुसते आयडलवर तासन्‌तास ठेवू नये. पाच-सहा वेळा पूर्ण तापून थंड झाल्यावर तेलात पाण्याचा अंश आहे का ते पाहावे, कूलंटची पातळी मोजावी आणि प्रत्येक सिलिंडरची लीकडाउन चाचणी (दाबाची हवा भरून किती गळते ते पाहणे) करून आकडे लिहून ठेवावेत. त्यानंतरच पूर्ण बूस्ट द्यावा.